आदिलाच्या पाण्याची नोंद आपणच ठेवायची का? ठेवायची तर कशी? (सोलापूर)

आदिलाकाठ

नमस्कार मंडळी.

शेळगीकडच्या आम्ही काही रहिवाशांनी आदिलाच्या पाण्याची नियमित नोंद ठेवायचं मनावर घेतलंय. हा धागा त्यासाठीच. सोलापुरातले आणि सोलापूरच्या खालच्या गावांतले, ज्यांना ज्यांना यात काही कळतं त्यांनी लिहावं ही मनापासून विनंती.

आपल्यातल्या पुष्कळांना आदिला ही नदी आहे हेच माहीत नाही. पूल ओलांडताना 'नाला' म्हणून पुढे जातात. १८७१ साली बांधून झालेला एकरुख तलाव, आपला हिप्परगा, तो ह्याच आदिलाला अडवून केलेला. तिथून ती शहराच्या अंगाने जाते, वाटेत नाले पोटात घेते आणि पुढे सीनेला मिळते. सीना हत्तरसंग-कुडलला भीमेत जाते. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा मराठी शिलालेख बघायला आपण अभिमानाने पाहुण्यांना नेतो. त्या संगमावर पोचणाऱ्या पाण्यात आपल्या मोऱ्यांचं पाणीही असतं.

स्वच्छता मोहिमा होतात, आम्हीही जातो, जात राहू. पण काठावरचं प्लास्टिक उचलून झालं की फोटोत नदी छान दिसते आणि पाण्यात मासा मात्र जगत नाही. शिवाय पाणी खराब होतं ते बऱ्याचदा काही तासांपुरतं. रात्री काहीतरी सोडलं जातं, सकाळी वास येतो, दुपारी कुणीतरी तक्रार करतं, आणि बघायला माणूस येईपर्यंत ते पाणी सीनेकडे निघून गेलेलं असतं. मग 'सध्या पाणी सर्वसाधारण आहे' असं उत्तर मिळतं आणि ते त्या क्षणापुरतं खरंही असतं.

म्हणून डोक्यात आहे ते असं : तीन जागा ठरवायच्या. एक एकरुखच्या सांडव्याखाली, जिथे शहर अजून लागलेलं नाही. दुसरी मोठा नाला मिळण्याच्या आधी, तिसरी तो मिळाल्यानंतर. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. वर्षभर हे झालं तर आपल्या नदीचं 'नेहमीचं' पाणी कसं असतं ते आपल्याला कळेल. ते कळल्याशिवाय 'आज काहीतरी बिघडलंय' हे कशाच्या आधारावर म्हणणार?

काय मोजावं, कशाने मोजावं, आणि त्या वहीचं पुढे काय करावं, बोला.

जुळे_सोलापूर

हेतू चांगला आहे, शंका नाही. पण हे काम करायला प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, महापालिका आहे. आपण बाटलीत पाणी भरून आणलं तरी उद्या ते कुठे ग्राह्य धरणार? ज्याचं पाणी असेल तो म्हणेल, 'बाटली तुम्हीच भरली, कुठून भरली कुणास ठाऊक.' मग एवढी धडपड कशाला?

रसायनताई

आदिलाकाठ, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मोजण्याबद्दल सविस्तर लिहिते. जुळे_सोलापूर यांच्या प्रश्नाचं उत्तर दुसरं कुणी द्यावं.

सगळ्यात आधी विरघळलेला ऑक्सिजन. नदी जिवंत आहे का, हे एकाच आकड्यावरून ओळखायचं असेल तर तो हा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार 'अ' ते 'ई' असे वर्ग केलेत. त्यात मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाला लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. आंघोळीच्या पाण्याला ५. आता सोलापूरचा उन्हाळा बघा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात ९ मिलिग्रॅमपर्यंत मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि हे समुद्रसपाटीचे आकडे आहेत. आपण साडेचारशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्याकडे त्याहून थोडा कमीच. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नदीकडे शिल्लकच मुळात थोडी असते. त्यात सांडपाणी आलं की जिवाणू घाण खाताना तीही संपवतात.

आता वेळेबद्दल, कारण फसगत इथेच होते. हिरवं, शेवाळलेलं पाणी दुपारी मोजलंत तर ऑक्सिजन भरपूर दिसेल, कधी मावतो त्याहून जास्तही. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. तेच शेवाळ रात्रभर तो वापरतं, म्हणून पहाटे आकडा तळाला जातो. तलावात मासे मेलेले सकाळीच दिसतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. दुपारचा आकडा बघून कुणी 'तलाव उत्तम' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सूर्य उगवायच्या सुमारास मोजा, आणि दर वेळी त्याच सुमारास मोजा.

पद्धत विंकलरची. बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड-अझाइड घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर ऑक्सिजन नाही, हे लहान मुलालाही दिसतं. मग आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब घालून मोजणं, शेवटी स्टार्चची निळाई जाते तो बिंदू. साका बसवण्याचं काम काठावरच करायचं, घरी नेऊन नाही. टायट्रेशन प्रयोगशाळेत आणून केलं तर चालतं. बारावीच्या मुलांच्या हाताला टायट्रेशनची सवय असतेच.

बीओडीच्या, म्हणजे घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्या मोजणीच्या, मागे आत्ता लागू नका. आपल्याकडे ती २७ अंशांना तीन दिवस नमुना ठेवून काढतात, त्याला तापमान राखणारी पेटी लागते. महिन्यातून एखादा नमुना बर्फात ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा, तेवढं पुरे.

तापमान, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, सात म्हणजे मधलं) आणि कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते, त्यावरून क्षारांचा अंदाज येतो) मात्र दर वेळी. दोन्ही मीटर खिशात मावतात. पण आकडा माहीत असलेल्या प्रमाण द्रावणात तपासून घेतल्याशिवाय मीटर काठावर न्यायचा नाही. कधी तपासला तेही वहीत लिहायचं. ती एक ओळ नसेल तर बाकी सगळ्या आकड्यांवर कुणीही बोट ठेवू शकतो.

आदिलाकाठ

ताई, मनापासून आभार. पहाटेची वेळ पक्की.

जुळे_सोलापूर, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि तो सुरुवातीलाच स्पष्ट व्हायला हवा. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ सांगतं की नमुना कायदेशीर ठरायचा तर तो मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, जागेच्या मालकाला नोटीस देऊन, त्याच्यासमोर, दोन भाग करून, सीलबंद करून, सह्या घेऊन. आपली बाटली त्यात कुठेच बसत नाही आणि बसवायचा आटापिटाही करू नये.

आपल्या वहीचं काम त्याच्या आधीचं आहे. अधिकाऱ्याने कधी यायचं आणि कुठे उभं राहायचं, हे त्याला कोण सांगणार? 'नदी घाण झालीय' या अर्जावर तो काय करेल? पण 'गेले तीन महिने तिसऱ्या जागेवर पीएच साडेसात-आठच्या मध्ये असायचा, या महिन्यात दर मंगळवारी पहाटे तो दहाच्या वर जातोय, दुसऱ्या जागेवर जात नाही' असा अर्ज असेल तर? मंगळवारी पहाटे, दोन जागांच्या मध्ये. (आकडे नमुन्यादाखल लिहिलेत.) एवढं नेमकं सांगितल्यावर न येणं कुठल्याही कार्यालयाला अवघड जाईल.

पूर्वभाग_हातमाग

मी पूर्व भागातला. तीन पिढ्या मागावर गेल्या. धागा वाचला आणि रात्री झोप लागंना, म्हणून लिहायलोय.

पाणी खराब झालंय हे खरंच आहे की. आमची पोरंसुद्धा त्याच काठावर राहतात. पण नदीची गोष्ट निघाली की सगळ्यांचं बोट रंगाऱ्याकडं जातं. लाल-निळं पाणी डोळ्याला दिसतं ना. शहरातल्या हजारो संडास-मोऱ्यांचं राखाडी पाणी त्याच नाल्यातून जातंय, त्याचा फोटो कोण काढत नाही. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्या शहरानं छाती फुगवली. ती चादर रंगवणारा माणूस चार बाय चारच्या मोरीशेजारी उभा राहून काम करतो. त्याच्याकडं शुद्धीकरणाचा प्लांट टाकायला जागा पण नाही, पैसा पण नाही. उद्या तुमच्या वहीमुळं त्याचा दरवाजा बंद झाला तर नदी साफ होणार का? तो माणूस तेवढा उघड्यावर येईल.

मला विरोध करायचा नाही. उलट रंगकामातलं मी सांगतो, ते तुम्हाला उपयोगी पडंल. जुनी पक्की चादर व्हॅट रंगात. त्याला कॉस्टिक सोडा आणि हायड्रो, म्हणजे रंग पाण्यात विरघळवायची पावडर, लागतं. रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ लागतं, पोत्यानं लागतं, आणि वर सोडा. रंग सुताला सगळाच्या सगळा कधीच चढत नाही, उरतो तो धुण्यात जातो. मीठ तर सगळंच जातं. मोठ्या प्रोसेस हाउसला स्वतःचा प्लांट ठेवणं जमतं. बारक्यांना एकत्र प्लांट मिळाला तरच जमंल.

एवढीच विनंती. कुणाच्या दारात उभं राहून मोबाइल काढू नका. आधी मालकाशी बोला. मी सोबत येतो, आमच्या लोकांशी तेलुगूत मीच बोलंन.

रसायनताई

अण्णा, तुमची पोस्ट या धाग्यातली सर्वात मोलाची आहे. तुम्ही सोबत असाल तर मला हे काम नीट होईल याची खात्री वाटते.

तुम्ही मिठाचं सांगितलंत त्यातून एक गोष्ट फार सोपी होते. घरगुती सांडपाण्याने ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, पण पीएच सात-आठच्या आसपासच राहतो आणि कंडक्टिव्हिटी बेताची वाढते. कॉस्टिक-सोड्याचं पाणी आलं की पीएच नऊ-दहाकडे सरकतो, आणि मिठामुळे कंडक्टिव्हिटी एकदम उडी घेते. म्हणजे एकाच पहाटे तिन्ही आकडे शेजारी ठेवले तर दोष मोऱ्यांचा किती आणि रंगाचा किती, याचा अंदाज येतो. जे पाप ज्याचं नाही ते त्याच्या माथी जाणार नाही. वहीचा हा उपयोग मला मंडळाकडच्या अर्जाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

फक्त आपल्या काळ्या दगडातलं भूजल मुळातच क्षारयुक्त असतं आणि उन्हाळ्यात ते आणखी चढतं. म्हणून पहिल्या जागेचा आकडा, शहर लागण्याआधीचा, कधीही चुकवायचा नाही. सगळी तुलना त्याच्याशी.

आणखी एक. नेहमीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र मीठ काढत नाही. जिवाणू घाण खातात, मीठ खात नाहीत. ते पाणी सगळे सोपस्कार होऊनही तसंच खाली जातं.

सीनाकाठचा

खाली जातं म्हणजे आमच्याकडं येतं.

आमची जमीन सीनेला लागून. उन्हाळ्यात नदीत दुसरं पाणीच नसतं, शहरातून येतंय तेवढंच. मोटर लावली की फेस येतो. तरी लावावी लागते, ऊस वाळवून कसं चालंल? सुरुवातीला पीक जोरात येतं, सांडपाण्यात खत असतंच. पण काही वर्षांनी जमीन वर पांढरी धरती, पाणी मुरंना झालंय, नांगरट केली की ढेकळं दगडासारखी. चोपण झाली म्हणतात आमच्याकडं. जिप्सम टाकून बघितलं, थोडा फरक पडतो. डाळिंब लावलेल्या भावकीतल्या एकाची झाडं तर टोकापासून करपायला लागली.

ताई, आमच्यासाठी आकडा कुठला बघायचा? आणि खराब पाणी सुटलंय हे त्याच दिवशी कळलं तर मोटर बंद ठेवता येईल. एक मेसेज आला तरी पुरे.

रसायनताई

तुमच्यासाठी 'ई' वर्ग, सिंचनाचा. त्यात पीएच ६ ते ८.५ आणि कंडक्टिव्हिटी २२५० मायक्रोम्होच्या आत, अशी मर्यादा आहे. पण आपल्या काळ्या मातीत आणि डाळिंबासारख्या पिकात २२५० ची वाट बघू नका. चिकणमातीत सोडियम धरून राहतो, त्यामुळे माती मिटते आणि निचरा जातो. तुम्ही वर्णन केलंत ते तेच आहे. माती आणि पाणी दोन्ही एकदा तपासून घ्या, सोडियमचं प्रमाण मुद्दाम काढायला सांगा. आणि कंडक्टिव्हिटीचा एक मीटर तुमच्या मोटरीपाशी असायलाच हवा.

आदिलाकाठ

मेसेजचं नक्की करू. तिसऱ्या जागेवर आकडा चढला की खालच्या गावांच्या गटावर लगेच कळवायचं. हे आमच्या मूळ विचारात नव्हतं, आता ते पहिलं काम.

पाणथळ

मी पक्षी बघतो, हिप्परग्याला हिवाळ्यात नेमाने जातो. पट्टकादंब, कधी रोहित, सगळे तिथे येतात. पण एक गैरसमज आधी काढायला हवा. नाल्यावर शेकाट्यांचे थवे दिसले की लोक म्हणतात, 'बघा, पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे.' शेकाट्या चिखलातल्या अळ्या टिपतात आणि सांडपाण्याच्या गाळात त्या मुबलक असतात. पक्ष्यांच्या संख्येवरून पाण्याला गुण देऊ नका.

खरी साक्ष दगडाखालच्या किड्यांची. अमेरिकेत १९६९ पासून सर्वसामान्य लोक 'सेव्ह अवर स्ट्रीम्स' या उपक्रमात ओढ्यातले दगड उलटून किडे बघतायत, कुठलंही रसायन न वापरता. मीटर त्या क्षणाचं पाणी सांगतो. किडा तिथे आठवडेच्या आठवडे राहिलेला असतो, त्यामुळे रात्री काय येऊन गेलं ते त्याच्या असण्या-नसण्यात उमटतं. मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं मिळाली तर आनंद माना, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. चतुराची पिल्लं मधली. आणि नुसत्याच लाल अळ्या आणि गाळातले दोऱ्यासारखे किडे मिळाले तर ऑक्सिजन नाहीसा झालाय. त्या अळ्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणूनच त्या तिथे तग धरतात. सांडव्याखालच्या जागी महिन्यातून एकदा ही पाहणी मी घेतो. चाळणी, पांढरा ट्रे आणि भिंग माझ्याकडे आहे.

कंबर तलावाचंही नाव घेतो. धर्मवीर संभाजी तलाव असं नाव झालं तरी आम्हाला कंबरच तोंडात बसलंय. जलपर्णी काढली की काही काळ पाणी दिसतं, पुन्हा हिरवा गालिचा. तिला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतंय तोवर ती येणारच. यंत्र लावून काढण्याइतकंच, आत येणारं सांडपाणी कुठून येतंय ते शोधणं महत्त्वाचं आहे. तिथेही वही हवी.

नवीपेठ

माझं वय झालं, पहाटे काठावर उतरणं आता होत नाही. पण सिद्धेश्वर तलावाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाराव्या शतकात सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. त्यांच्या भक्तीचाच तो भाग होता. संक्रांतीला आपण नंदीध्वज मिरवतो, गड्ड्याच्या यात्रेला सगळं गाव लोटतं. त्याच तळ्याचं पाणी हिरवंगार झालेलं बघवत नाही. विसर्जनाच्या आधी आणि नंतर गणपती घाटाजवळचं पाणी मोजून ठेवा असं मला वाटतं. प्लास्टरची मूर्ती विरघळत नाही, रंग पाण्यात उतरतात, निर्माल्य कुजतं आणि ऑक्सिजन खातं. गणपती मंडळातल्या पोरांना रागावून उपयोग होत नाही, आकडा दाखवला तर ती ऐकतात. ही पोरं मनाची फार चांगली आहेत. मीटरला जो खर्च येईल त्यात माझा वाटा धरा.

पाळीवरची_परिचारिका

मी रुग्णालयात काम करते. सगळं वाचलं, आनंद झाला, पण सुरक्षिततेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून काळजी वाटली.

नाल्यात कुणीही उतरायचं नाही. दोरीला बादली बांधून पुलावरून किंवा घट्ट काठावरून नमुना घ्या. रबरी हातमोजे, बंद बूट. पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी घरी थांबायचं, पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. एकट्याने जायचं नाही, मुलं असतील तर सोबत मोठी दोन माणसं. तुंबलेल्या गटाराच्या झाकणात, चेंबरमध्ये डोकावायचं नाही, तिथला वायू माणसाला सावध व्हायलाही वेळ देत नाही. आणि सांडव्याखालच्या जागी, तलाव भरलेला असताना जाऊच नका, त्या आठवड्याचा रकाना रिकामा राहू दे.

दुसरं. जिवाणूंच्या चाचणीची एच-टू-एसची कुपी मिळते, पाणी दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळी पडते. ती नाल्याच्या पाण्यावर वाया घालवू नका, तिथे ती काळीच होणार. ती काठच्या बोअरवर वापरा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे नाल्याकाठच्या वस्त्यांत बोअरचं पाणी घरात सर्रास वापरतात, लहान मुलं पितात. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायकांना अशा तपासणीचं शिक्षण देतात. आपल्या वस्त्यांतल्या बायकांनाही ते देता येईल, मी शिकवायला येईन. कुपी काळी पडली तर तीच बाई शेजारणीला 'उकळून घे गं' म्हणून सांगेल, आणि ते ऐकलं जाईल.

जुळे_सोलापूर

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. मी हिशेबाचं काम करतो. दर आठवड्याचे आकडे तक्त्यात भरून ठेवणं आणि महिन्याचा आलेख काढणं मी करतो. मात्र मूळ वही शाईच्या पेनाने लिहिलेली हवी, पानांना क्रमांक, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं, खाडाखोड नाही. आणि आकडा चांगला आला तरी तो तितक्याच ठळकपणे सगळ्यांना दाखवायचा. फक्त वाईट आकडे बाहेर काढले तर लोकांचा विश्वास जाईल.

पूर्वभाग_हातमाग

हे शेवटचं पटलं. चांगला आकडा आला तर आमच्या लोकांना मी स्वतः नेऊन दाखवंन. आमच्या बाजूच्या दोन-तीन रंगाऱ्यांशी बोललो. एकजण म्हणाला, 'मीटर माझ्या मोरीत आधी लाव, मलाच बघायचंय किती मीठ जातंय.' मीठ म्हणजे पैसाच की. एकत्र प्लांटची मागणी करायची झाली तर ही वही आमच्याही कामाची.

आदिलाकाठ

मग येत्या रविवारी पहाटे दुसऱ्या जागेवर, पुलाच्या अलीकडच्या बाजूला भेटू. त्या दिवशी फक्त जागा ठरवायच्या, बादली कुठून सोडायची तिथे खूण करायची आणि सगळ्यांनी एकदा हात बसवून घ्यायचा. पहिली नोंद पुढच्या रविवारपासून. मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला आणि महापालिकेला आधीच पत्र देतो की आम्ही असं करतोय, वही कधीही बघायला या. सीनाकाठचे, तुमच्या बाजूची चार नावं गटासाठी मला निरोपात पाठवा, इथे उघड्यावर नंबर लिहू नका.

रसायनताई

रविवारी मी विंकलरची पेटी आणते. एक अट आहे. त्यातल्या अझाइडचं द्रावण विषारी आहे आणि आम्ल तीव्र. वापरलेलं द्रावण एक थेंबही नदीत ओतायचं नाही. झाकणाची जाड प्लास्टिकची कॅन सोबत ठेवू, सगळं त्यात, आणि ती मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत परत नेईन. डोळ्यांवर चष्मे प्रत्येकाला हवेत, माझ्याकडे चारच आहेत. आणखी कुणाकडे असतील तर इथे कळवा.

पूर्वभाग_हातमाग

रंगखान्यातले सहा आहेत. आणतो.